वीजतडाख्याचा हिशेब

गल्लीत क्रिकेट खेळताना तुम्ही घरचे नियम करता ना? भिंतीपलीकडे चेंडू गेला की आउट! असाच एक घरचा नियम मी केला आणि माझी चांगलीच फजिती झाली.

खेळाचं नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकेतल्या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि लढाई आली की फासे टाकायचे. आमच्याकडे गोष्ट सांगणारी मी. माझी लेक जादूगार, भाचा तलवारबहाद्दर.

एकदा भाचा म्हणाला, “आत्या, मला वीजतडाखा दे ना!” दहा फुटांतल्या सगळ्या शत्रूंना तीन फाशांइतकी इजा, दर पाळीला, आणि नेम चुकायची भानगडच नाही. मला वाटलं, तीनच तर फासे! लेकीच्या आगीच्या गोळ्याला आठ असतात. दिला.

झालं! लेकीची पाळी येईपर्यंत शत्रू आडवे. मग मी आणखी एक शहाणपणा केला. शत्रू वाढवले, बळकटही केले. शत्रू जास्त म्हणजे तडाख्याला गिऱ्हाइकं जास्त, हे डोक्यातच आलं नाही. जादूगार मुळात नाजूक, तो बिचारा दुसऱ्याच फेरीत बेशुद्ध. लेकीने फासे डबीत भरले. “आई, मी नसले तरी चालेल. दादा जिंकतोच.”

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. फाशावर १ ते ६. बेरीज २१, भागिले ६, म्हणजे सरासरी साडेतीन. तीन फाशांचे साडेदहा. चार शत्रू असले की ४२! भाच्याच्या तलवारीचे दोन्ही वार लागले तरी सरासरी २२, आणि ते चुकतातही. आगीचा गोळा प्रत्येकाला २८ चा, पण तो दिवसातून जेमतेम दोन-तीनदा. मी नुसते फासे मोजले होते. किती जणांना, किती वेळा, हे मोजलंच नव्हतं.

रविवारी कागद दोघांपुढे ठेवला. भाच्याचा चेहरा पडला. “दिलेलं परत घेतेस, आत्या?” त्याचंही खरंच होतं. देताना विचार मी करायला हवा होता, त्याने नव्हे. बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं, विश्रांती घेईपर्यंत तडाखा दोनदाच, आणि शत्रूने वेळेवर अंग चोरलं तर इजा निम्मी.

लेक पुन्हा खेळायला बसली, बरं का! आता तिला ‘गोठवणारी फुंकर’ हवी आहे. तिने नियमाचं पान लिहून आणलं, ते भाच्याने तपासायला घेतलंय. आठवडा झाला, अजून परत दिलेलं नाही.