गाडी कुठं सोडायची?

“आई, या खेपेला हॉटेलबिटेल काही नाही. आपली जीप, आपले तंबू, आणि जिथं जागा आवडेल तिथं मुक्काम!” २०२४ च्या श्रावणात चिरंजीवांनी जेवता जेवता जाहीर केलं आणि माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. बेत होता हिमाचलातल्या स्पिती खोऱ्याचा. आमच्या ह्यांनी लगेच मान डोलावली. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना कुठलाही बेत चालतो, फक्त आवराआवर दुसऱ्या कुणी तरी करायची. सूनबाई खूष. शेजारचे भाऊजी आणि वहिनी आपली गाडी घेऊन सोबत यायला तयार. एकट्या सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “चांगलं घरदार सोडून उघड्यावर निजायची ही कसली मेली हौस!” २०२३ च्या जुलैत तिकडे चंद्रताल सरोवरापाशी अडीचशेहून जास्त प्रवासी बर्फात अडकले होते, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

मी काहीच बोलले नाही. उघड्यावर निजायचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काय आलं, ते त्या घरात फक्त ह्यांना ठाऊक होतं. आणि तेही इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

माझं माहेर चकलांबा. बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. नाशिकला लग्न होऊन आले तेव्हा कुणी विचारलं, वडील काय करतात, तर मी सांगायची, “शेती.” ते काही खोटं नव्हतं. तीन एकर कोरडवाहू होतं की! पण दसरा झाला की त्या शेतीला कडी घालून माझे माय-बाप ऊसतोडीला जायचे, ते पार पाडव्याच्या सुमाराला परत. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात तिकडे. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. आता बायामाणसं ट्रकनं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून जातात, एका दिवसात पोहोचतात. माझ्या लहानपणी, १९७० नंतरच्या त्या वर्षांत, आमच्या गावच्या बैलगाड्या निघायच्या. पाथर्डी, तिसगाव, मग करंजीचा घाट, तिथून नगर आणि पुढे दौंडच्या रस्त्यानं भीमेकडे. कितीतरी मुक्काम व्हायचे. गाडीत बाजरीचं पोतं, वाकळा, हंडा, कळशी, कोंबड्या, आणि वर आम्ही पोरं.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. इतकंच काय, एकदा वहिनींबरोबर गाडीतून जाताना रस्त्याकडेला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या दिसल्या, तेव्हा नाकाला पदर लावून त्या म्हणाल्या, “काय बाई ही माणसं राहतात!” आणि मी खिडकीची काच वर केली होती. ती काच मला अजून आठवते.

असो. सप्टेंबरात निघालो. मैत्रिणींपैकी कुणाच्या घरी असली हौस उपटली तर उपयोगी पडेल म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते. मनालीच्या बाजूनं एकदम वर चढू नका. आम्ही सिमल्यावरून किन्नौरमार्गे गेलो, कल्पा, नाको, ताबो, काझा असं हळूहळू. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर निजायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचावू नये असं डॉक्टर सांगतात. नाही तर डोकं धरतं, ओकाऱ्या होतात आणि हौस तिथंच फिटते. दुसरं म्हणजे कुकर हवाच हवा. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. वहिनींनी हौसेनं राजमा आणला होता, तो तसाच परत आला. मी मुगाची डाळ, भाजलेला रवा, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. गाडीतलं पेट्रोल काझाला भरून घ्यावं. आणि केराची एक वेगळी पिशवी. आपला कागदाचा कपटासुद्धा तिथं टाकायचा नाही, सगळं परत आणायचं.

नाको आणि ताबोला गावातच घरगुती खोल्या मिळाल्या. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला, मातीच्या भिंतींचा. आत गेलं की आपसूक आवाज खाली येतो. पण चिरंजीवांचा जीव तंबूत अडकलेला! काझा सोडलं तसं त्यानं ठरवूनच टाकलं, लोसरच्या अलीकडे आज नदीकाठी मुक्काम.

आणि जागा सापडलीही तशीच. स्पिती नदीचं पात्र तिकडे केवढं तरी रुंद, मधून पाण्याच्या चार-पाच धारा, बाकी सगळी वाळू आणि गोटे. एका ठिकाणी गाडी सरळ खाली उतरत होती. सपाट वाळू, हाताशी पाणी, समोर डोंगरावर उतरतं ऊन. सूनबाईनं फोटो काढायला सुरुवात केली. भाऊजींनी खुर्च्या उतरवल्या. वहिनी म्हणाल्या, “बाई, अगदी चित्रातल्यासारखं!”

मी म्हटलं, “इथं नको.”

कुणी ऐकलंच नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. चिरंजीव हसून म्हणाला, “आई, पाणी बघ किती लांब आहे! आणि पाऊस तरी कुठाय?” म्हटलं, “पाऊस इथं नसतो रे, वर असतो. दिवसभर ऊन खाऊन वरचं बर्फ वितळतं, ते पाणी खाली यायला रात्र होते. तो मागचा ओढा पाहिलास ना, सकाळी तिथं घोट्याएवढं पाणी असेल, दुपारी चाक बुडत होतं.” हे म्हणाले, “अगं, आता अंधार पडेल. एक रात्र तर आहे.” माझा आवाज का चढला मला कळलं नाही. “तुम्ही निजा मग. मी गाडीत रस्त्यावर बसते,” म्हटलं आणि खरंच चढ चढून वर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. साठ वर्षांची बाई, त्या विरळ हवेत धापा टाकत. माझंच मला नवल वाटलं.

सूनबाई मागोमाग आली. “आई, काय झालं? तुम्ही अशा कधी करत नाही.”

तिथं, त्या रस्त्यावर, वारा कानात शिरत असताना मी तिला सांगितलं. १९७५ सालचा दसरा. मी अकरा वर्षांची. दरवर्षी शाळा बुडवून मला धाकट्या भावाला सांभाळायला न्यायचे, पण त्या वर्षी दिवाळीनंतर मला आजीकडे परत धाडायचं, पाचवी पुरी करू द्यायची, असं ठरलं होतं. करंजी घाटाच्या अलीकडे एका ओढ्यात आमच्या बापानं गाडी सोडली. मऊ वाळू, बैलांना हाताशी पाणी. माय म्हणाली होती, “इथं नको, वर ढग हाय.” बाप्यामाणसांत बाईचं कोण ऐकतंय! आमच्याकडे थेंब पडला नाही, पण मध्यरात्री घाटातून पाणी आलं. आवाज आधी आला, पाणी मागून. मायनं आम्हा दोघांना काखोटीला मारून दरडीवर फेकल्यासारखं केलं. एक बैल सुटला. दुसऱ्याचं दावं चाकाला बांधलेलं, ओल्यानं गाठ आवळली, सुटेना. सकाळी खाली बाभळीला अडकलेला सापडला. पिठाचा डबा, वाकळा, सगळं गेलं. बैलासाठी मुकादमाकडून आणखी उचल घेतली आणि मला कुणी परत धाडलं नाही. ते वर्ष मी कोपीत भाकऱ्या थापण्यात घालवलं. पुढे मामांनी गेवराईला वसतिगृहात घातलं म्हणून मी शिकले, नाही तर आज मीही कोयताच.

दुसऱ्या दिवसापासून माय गाड्यांच्या पुढे पायी चालायला लागली. बापानं काही म्हटलं नाही, ना दुसऱ्या कुणी. दिवस कासराभर वर असतानाच ती जागा धुंडायला लागायची. पाणी जवळ हवं, पण कळशी आणायला चालावं लागेल इतकं लांब. कुणाच्या तरी घरचा दिवा दिसायला हवा, पण दारूचा गुत्ता नको. खाली काटे नसावेत, लिंबाच्या डहाळीनं ती स्वतः झाडून बघायची. रान कुणाचं आहे ते विचारल्याशिवाय बैल सोडायचे नाहीत. बहुतेक शेतकरी हसून हो म्हणायचे, कारण रात्रभर बैलांचं शेण त्याच्या रानात पडायचं. आणि सगळ्यांत आधी ती पाहायची ते आडोसा. बायांना पहाटे बाहेर जायला बाप्यांपासून वेगळ्या दिशेला आडोसा हवा. हे एक गाडीवानांना कधी सुचलं नव्हतं. गाड्या अर्धगोल लावायच्या, पोरंबाया आत, आणि बाया आळीपाळीनं जागायच्या.

सूनबाई गप्प उभी होती. वहिनी कधी येऊन मागे थांबल्या होत्या ते मी पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता काही तरी बोलतील. त्या खाली बघून पदराशी चाळा करीत राहिल्या आणि मग वळून भाऊजींना हाक मारली, “अहो, खुर्च्या गाडीत घाला. इथं राहायचं नाही.”

मग जागा शोधायची पाळी माझ्यावर आली! उजेड अर्ध्या तासाचा उरला होता. एक कड्याखालची जागा चिरंजीवानं दाखवली. खाली ताजे फुटके दगड पडलेले दिसले, ती सोडली. एक हिरवं कुरण होतं, पण गावाची जनावरं तिथं चरतात, त्यांच्या तोंडचं गवत कशाला तुडवायचं? शेवटी रस्त्याच्या वरच्या अंगाला एक पडीक वावर दिसलं. मटार काढून झालेला, वाऱ्याच्या बाजूला दगडांचा बांध, आणि जरा पलीकडे दोन घरांचे दिवे. बाई कामावरून परतत होती, तिला हिंदीत विचारलं. ती म्हणाली, राहा, पण पाटात भांडी घासू नका, खालचं गाव तेच पाणी पितं. पैसे देऊ केले तर हात हलवून निघून गेली. तंबूंची तोंडं बांधाकडे केली. खडकांच्या दोन रांगा दोन दिशांना होत्या. पहाटे वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “चला ना बरोबर.” आम्ही दोघी टॉर्च घेऊन गेलो. परत येताना त्यांनी माझा हात धरला होता. चढ होता म्हणून असेल.

आता तुम्ही विचाराल, रात्री नदीला पाणी आलं का? नाही आलं. सकाळी वरून पाहिलं तर ती वाळू होती तशीच, निवांत. चिरंजीवानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो काही बोलला नाही, हे त्याचं शहाणपण. ह्यांनी मात्र चहाचा कप हातात देत म्हटलं, “मायनं बरोबर शिकवलंय तुला.” सदतीस वर्षांत माझ्या आईला ते पहिल्यांदा माझ्यासारखं ‘माय’ म्हणाले. एरवी ‘तुमच्या मातोश्री’!

सकाळी लवकर निघालो, ओढ्यांना पाणी कमी असतं तेव्हाच ते ओलांडलेले बरे. कुंझुमची खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे, तेव्हा अलीकडे जे तंबूवाले असतात त्यांच्याकडे पैसे देऊन राहिलो. तिथून बातलमार्गे, हाडं खिळखिळी करणाऱ्या रस्त्यानं, अटल बोगद्यातून मनालीला.

तिथं फोनला रेंज आली. मी आधी चकलांब्याला फोन लावला. माय आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. कानाला कमी येतं, म्हणून ओरडून सगळं सांगितलं. सूनबाईनं मध्येच फोन घेतला आणि म्हणाली, “आजी, तुम्ही सांगितल्यासारखीच जागा शोधली आम्ही.”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. मग माय म्हणाली, “बाई गं, पैशे खर्चून उघड्यावर निजलात व्हय?” आणि हसायला लागली ती थांबेचना. सूनबाईही हसत होती, डोळे पुसत होती.

“आन् आडोसा?” मायनं विचारलं. “आडोसा व्हता का?”

“होता, आजी. दोन्हीकडं.”

“मंग बरं झालं,” माय म्हणाली. “आता फोन ठेव, शेरडं सोडायचीत.”