आशागडचा रस्ता आणि नवी गाडी

डहाणू रोड स्थानकाच्या पूर्वेकडे निघाले की समुद्राची खारी हवा हळूहळू मागे राहते आणि चिकूच्या वाड्या, भाताची खाचरे व ताडांच्या रांगा दिसू लागतात. ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. याच पूर्वेच्या रस्त्यावर आशागड हे गाव आहे. पुढे गंजाड लागते. वारली चित्रकलेला जगाच्या नकाशावर नेणारे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे तिथले. त्याही पुढे चारोटी येथे हा रस्ता मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. उजवीकडे मुंबई, डावीकडे तलासरी, वापी आणि सुरत. डहाणूच्या पेठेतील व्यापाऱ्याला मालाच्या खरेदीसाठी, लग्नकार्यासाठी, देवदर्शनासाठी किंवा आजारपणासाठी महामार्ग गाठायचा असेल, तर आशागडवरून जाणे ओघाने आलेच.

नवी मोटार घेतलेले कुटुंबही बहुधा पहिल्याच आठवड्यात या रस्त्याला लागते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, आरशाला फुलांचा हार, मागील आसनावर आजी आणि नातवंडे. गाडी दिवाळीच्या मुहूर्तावर घेतलेली असते आणि तिच्या किमतीचा हिशेब घरात दहा वेळा झालेला असतो. मात्र घरी आणलेल्या या वस्तूत यंत्राइतकाच मोठा भाग सॉफ्टवेअरचा आहे, हे त्या हिशेबात क्वचितच धरलेले असते.

पूर्वीची जीप किंवा ॲम्बॅसॅडर बंद पडली, तर रस्त्याकडेचा मिस्त्री कानाने दोष ओळखत असे. कार्बोरेटर साफ केला, पट्टा बदलला, की गाडी चालू. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, दरवाजे आणि पडदा यांच्यासाठी स्वतंत्र छोटे संगणक असतात आणि ते तारांच्या एका जाळ्यातून सतत एकमेकांशी बोलत असतात. एकाने चुकीचा निरोप दिला, की दुसरा दिवा पेटवतो. बारा व्होल्टची बॅटरी थोडी अशक्त झाली, तरी अनेक दिवे एकदम लागतात आणि प्रत्यक्षात यंत्र धडधाकट असते. कानाने दोष ओळखणारा मिस्त्री येथे हतबल होतो. त्याला संगणक जोडूनच गाडीची नाडी पाहावी लागते.

आशागडच्या रस्त्यावर या नव्या बुद्धीची परीक्षा लवकर होते. चालकाला साहाय्य करणारी प्रणाली समोरच्या काचेमागील कॅमेरा आणि पुढील रडार यांवर चालते. रस्त्यावरील पांढरे पट्टे पाहून ती गाडीला मार्गिकेत ठेवते. गावातून जाणाऱ्या रस्त्यावर हे पट्टे कुठे असतात, कुठे पुसलेले, तर पावसाळ्यात चिखलाखाली गेलेले असतात. मग प्रणाली कधी गप्प बसते, तर कधी डांबराच्या सांध्यालाच पट्टा समजून सुकाणू हलकेच ओढते. गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेला ट्रक, डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली बाई, अचानक आडवी येणारी शेळी हे सारे तिला नीट ओळखता येईलच असे नाही. चारोटीकडे जाताना काही ठिकाणी मोबाइलचे जाळे क्षीण झाले, की नकाशा थांबतो. गाणे वाजवता वाजवता पडदा काळा पडतो आणि मागील कॅमेऱ्याचे चित्रही त्याच्याबरोबर जाते.

अशा त्रुटी केवळ खेड्यातल्या रस्त्यांमुळे उद्भवतात, असेही नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटा कंपनीने प्रियस या संकरित मोटारीच्या सुमारे १९ लाख गाड्या सॉफ्टवेअरमधील दोषामुळे जगभरातून दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्या दोषामुळे गाडी चालता चालता मंदावण्याची किंवा थांबण्याची शक्यता होती. जुलै २०१५ मध्ये दोन संशोधकांनी अमेरिकेत एका जीप मोटारीच्या मनोरंजन-प्रणालीतून दुरूनच तिच्या यंत्रणेत शिरकाव करून दाखवला आणि कंपनीला सुमारे १४ लाख गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलावे लागले. निर्मात्याने दोष मान्य करून तो दुरुस्त करणे यात कमीपणा नाही. ग्राहकाने दोषाची नोंदच न करणे हे मात्र तोट्याचे.

तरीही गाडीच्या प्रत्येक आवाजाला ‘सॉफ्टवेअरची कटकट’ म्हणणे धोक्याचे आहे, याची साक्ष याच रस्त्याच्या टोकाला आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. उदवाड्याहून मुंबईकडे परतणाऱ्या त्या गाडीत मागील आसनावर बसलेल्या मिस्त्री व त्यांच्या सहप्रवाशाचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. गाडीतील संगणकाने त्या शेवटच्या क्षणांची नोंद ठेवली होती. धडकेपूर्वी पाच सेकंद ब्रेक लावला गेला, तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि धडकेच्या वेळी ८९, अशी माहिती निर्मात्या कंपनीने पोलिसांना दिल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. महागडी गाडी आणि चोख यंत्रणा असूनही न लावलेल्या पट्ट्याची भरपाई सॉफ्टवेअरला करता आली नाही.

त्यानंतर मागील आसनांसाठीही पट्ट्याची सूचना देणारा आवाज सक्तीचा करण्याचा मनोदय केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीर केला. पुढील आसनांसाठी असा आवाज, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे इशारा आणि १२०च्या पुढे सतत इशारा हे जुलै २०१९ पासूनच नव्या मोटारींना बंधनकारक आहे. पण हा आवाज नको म्हणून पट्ट्याच्या खाचेत नुसती क्लिप अडकवणारेही आहेत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ई-व्यापार संस्थांना अशा क्लिपा विक्रीतून काढून टाकण्याचे आदेश दिले. गाणे मध्येच थांबणे ही गैरसोय आहे. पट्ट्याचा, ब्रेकचा किंवा एअरबॅगचा दिवा हा इशारा आहे. पहिल्यासाठी रविवारपर्यंत थांबता येते, दुसऱ्यासाठी गाडी तिथेच बाजूला घ्यावी लागते.

आता राहतो हिशेबाचा भाग, आणि त्यात व्यापारी घराण्यांना नवे शिकावे लागेल असे थोडेच आहे. उधारी वहीत लिहिलेली नसेल, तर ती वसूल होत नाही. तोच नियम येथे लागू पडतो. पडदा काळा पडला, तर त्याचे छायाचित्र, तारीख, वेळ आणि किलोमीटरचा आकडा नोंदवावा. सेवा केंद्रात दोष तोंडी सांगून न परतता तो जॉबकार्डवर लिहून घ्यावा आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा असला तरी ते कागद जपून ठेवावेत. नवे सॉफ्टवेअर भरताना गाडी उभी असावी, बॅटरी भरलेली असावी आणि काम अर्धवट तोडू नये. आधीची व नंतरची आवृत्ती कोणती हेही लिहून ठेवावे. लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री असा बदल टाळलेलाच बरा.

दोष वारंवार येऊनही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो वा व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालते. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र अनेक कुटुंबे गाडी पेढीच्या नावावर घेतात आणि येथे गुंता होतो, कारण व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. ९ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात स्पष्ट केले, की कंपनीच्या नावावर असली तरी संचालकाच्या वापरासाठी घेतलेली मोटार केवळ तेवढ्यावरून व्यापारी हेतूची ठरत नाही. तरीही नोंदणी कोणाच्या नावावर करावी, हा विचार खरेदीपूर्वीच व्हावा. जीएसटीचा परतावा मिळेल या आशेने पेढीचे नाव घालणाऱ्यांनी हेही पाहावे, की तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी मोटारीवर बहुतेक व्यवसायांना तो परतावा मिळतच नाही.

आशागडच्या रस्त्याने सायंकाळी परतणाऱ्या गाड्यांत आता अशा शिकलेल्या गाड्यांची संख्या वाढते आहे. त्या चुकतील, सुधारतील आणि पुन्हा चुकतील. त्यांच्या चुका वहीत लिहिता येतात, आयोगापुढे मांडता येतात. मागील आसनावरील आजीचा पट्टा मात्र घरच्या माणसानेच, गाडी सुरू होण्यापूर्वी, स्वतःच्या हाताने लावायचा असतो.