एक पाटा जास्त

‘जालना, सोने का पालना’ अशी आमच्या गावाची जुनी ख्याती आहे. ही म्हण जुळवणाऱ्याला यमकापुरता पालना हवा होता, की खरोखरच त्याच्याजवळ सोन्याचा काही हिशेब होता, हे आता विचारायची सोय उरलेली नाही. सध्या इथला रोकडा व्यवहार लोखंडाचा. भट्ट्यांत भंगार वितळतं आणि रोलिंग मिलमधून बांधकामाच्या सळ्या बाहेर पडतात. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली इथे महिको काढली, तेव्हापासून बियाण्याचं नाव झालं. मोसंबी तर आहेच. सळ्या, बियाणं आणि मोसंबी! तिन्ही माल चांगले, पण एकालाही पाय नाहीत. म्हणून आमच्याकडे घरोघरी पिकअप.

पिकअपचं नशीब घरातल्या कर्त्या पुरुषासारखं असतं. सकाळी मोसंबी, दुपारी खताच्या गोण्या, संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाचे मांडवाचे बांबू. सगळ्यांनी लादायचं आणि त्याने चकार शब्द न काढता हळूहळू मागून बसत जायचं.

आमचे मेव्हणे अंबड तालुक्यात मोसंबी करतात. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ट्रॅक्टर थोरल्याकडे गेला, पिकअप यांच्याकडे आली आणि सासरे दोघांकडे सहा-सहा महिने आले. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. मेव्हण्यांची निम्मी बाग त्यात गेली. लेकरासारखी वाढवलेली झाडं त्यांनी स्वतःच्या हातांनी तोडली आणि सरपणाच्या भावाने घातली. तेव्हापासून त्या घरात पाण्यावर कुणी विनोद करत नाही. मीही करत नाही, आणि माझी तर ती जुनी खोड!

पुढे एका उन्हाळ्यात विहीर पुन्हा तळ दाखवू लागली. मेव्हण्यांनी ताबडतोब दोन चाकांचा, दोन हजार लिटरचा जुना पाण्याचा ट्रेलर विकत आणला. भरला, पिकअपला टोचन केला, आणि पंगतीनंतर पाहुण्यांनी सतरंजीवर बैठक मारावी तशी पिकअपने मागून बैठक मारली. दिवे आभाळाकडे लागले. रस्ता सोडून बाभळीवरचे पक्षी दिसू लागले.

“पण दाजी, स्टेअरिंग बघा! एका बोटानं वळतंय!” मेव्हणे कौतुकाने म्हणाले.

पुढच्या चाकांनी जमिनीशी संबंध तोडत आणला की कुठलीही गाडी एका बोटाने वळवता येते. फक्त ती वळते की नाही, हा प्रश्न वेगळा.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे मुलीचं लग्न आणि गाडीचे पाटे यांवर मत नसलेला माणूस सापडत नाही. कुणी म्हणालं, दोन पाटे वाढवा. कुणी म्हणालं, मध्ये रबराचा ठोकळा घाला. एका हितचिंतकाने तर ‘जालन्यात राहून लोखंडाची काय चिंता? मिलमधून पट्टी कापून आणा’ असं सुचवलं. शेवटी मेव्हण्यांना घेऊन मी मोंढ्याच्या रस्त्यावरच्या पाटेवाल्या चाचांकडे गेलो.

चाचांनी आधी मिलच्या पट्टीचा निकाल लावला. सळईचं लोखंड वाकलं की वाकलं. पाट्याला वाकून परत यावं लागतं, आणि तेही दिवसातून हजारदा, न कुरकुरता. त्यासाठी पोलादात सिलिकॉन, मँगनीज लागतं आणि वर त्याला पाणी पाजावं लागतं. “पानी बोलते, पन रहता तेल,” चाचांनी खुलासा केला. असा पाटा कुणी गॅसने तापवून ठोकला, की ते पाणी उतरतं. मग तो पाटा दिसायला पाटा, गुणाने सळई. अशी माणसंही माझ्या पाहण्यात आहेत. पण तो विषय वेगळा.

“तर मग दोन टाका,” मेव्हणे म्हणाले.

“दो बोले तो दो डालता, चार बोले तो चार,” चाचा म्हणाले. “गाडी सीधी खडी होती. मगर रुकेगी कैसे, वो बोलो.”

आणि चहाच्या बशीवर काडेपेटी ठेवून त्यांनी जे समजावलं, ते मला शाळेत तरफेच्या धड्यात कधी समजलं नव्हतं. हूक मागच्या चाकांच्याही मागे असतो. समजा, पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि हूक मागच्या आसापासून सव्वा मीटर मागे आहे. त्यावर 120 किलो भार आला, तर मागच्या चाकांवर 120 नव्हे, 170 किलो पडतात. वरचे 50 किलो येतात पुढच्या चाकांवरून उचललेले. म्हणून दिवे आभाळाला आणि स्टेअरिंग बोटाला. पाटा वाढवला की गाडी सरळ दिसते, पण पुढून उठलेलं वजन काही पुढे परत जात नाही. इस्त्रीचा सदरा घातल्याने उधारी फिटत नाही, तसंच हे.

शिवाय आस तोच, टायर तेच, ब्रेक तेच. गाडीच्या पुस्तकात वजनाचा जो आकडा आहे, तो पाट्यांबरोबर वाढत नाही. उलट कंपनीच्या घडणीत मनमानी फेरफार करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाची आडकाठी आहे. जादा वजनाला 2019 च्या दुरुस्तीपासून वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. हे ऐकून मेव्हणे प्रथमच गंभीर झाले.

घरी हा सगळा शास्त्रार्थ सासऱ्यांच्या कानांवर घातला. मामांनी हयातभर बैलगाडी हाकलेली. त्यांनी तंबाखू मळता मळता एवढंच विचारलं, “टाकी उलार हाय का धुरजड?”

बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला की गाडी धुरजड, बैलांची मान मोडते. शहाणा गाडीवान जू हाताने उचलून बघतो. थोडं धुरजड पाहिजे, पण थोडंच. ट्रेलरचंही अगदी हेच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यावा, असा एक ठोकताळा आहे. तो कमी झाला आणि ट्रेलर उलार झाला, की वेगात तो शेपटीसारखा डुलायला लागतो आणि मग शेपूट कुत्र्याला हलवते.

त्यातून पाणी हा माल वात्रट. गोणी ठेवली तिथे बसते. पाणी बसत नाही. टाकी अर्धी असली तर चढावर ते मागे धावतं आणि ट्रेलर उलार. ब्रेक मारला की पुढे धावतं आणि धक्का. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मी आजवर माणसांना उद्देशून म्हणत आलो. त्याचा मूळ अर्थ असा रस्त्यावर उभा राहील, असं वाटलं नव्हतं.

शेवटी दोन हजारांची टाकी विकली आणि हजाराची आणली. हजार लिटर म्हणजे एक टन, लोखंड दोनशे किलो. कंपनीच्या पुस्तकातल्या ओढायच्या मर्यादेत बसणारं. आत आडवे पत्रे, टाकी आसाच्या किंचित पुढे. ट्रेलर मागून ढकलू लागला की त्याच दाबाने त्याचे स्वतःचे ब्रेक लागतील अशी दांडी, हुकाशेजारी जाड साखळी, मागे लाल दिवे, आणि ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी. पिकअपचे थकलेले पाटे काढून कंपनीच्याच मापाचे नवे बसवले, सोबत यू-बोल्ट, बुश आणि शॉक-ॲब्सॉर्बर. नियम एकच: टाकी भरलेली किंवा रिकामी, अर्धी कधीच नाही. सगळं जोडून धर्मकाट्यावर नेलं. हुकावर भरले 120 किलो. मेव्हणे आणि मी मिळून बरोबर तेवढेच भरतो, हेही तिथेच कळलं.

जुने पाटे काढताना चाचांनी मला सगळ्यात खालचा, जाड, जवळजवळ सरळ पाटा दाखवला. बाकीचे पाटे एकमेकांना चिकटून रात्रंदिवस राबत असतात. हा मात्र थोडा अंतर राखून असतो. रिकाम्या गाडीत त्याला काही काम नाही. ओझं वाढून वरचे दबत आले की मगच तो हात लावतो. तो कायम टेकलेला असता, तर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात बेडकासारखी उडाली असती. मला तो पाटा फार आवडला. प्रत्येक घरात असा एक मनुष्य असावा. रोजच्या संसारात नाक खुपसू नये, पण ओझं आलं की नेमका लागावा. आमच्या सासुरवाडीत ही जागा जावयाची असावी, असं मी हिला म्हटलं. “जाड आणि खालचा, एवढं जुळतंय,” ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात मेव्हण्यांनी रोज दुप्पट खेपा केल्या. झाडाला दोन बादल्या, खोडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन. डिझेल जास्त गेलं, त्याबद्दल ते मला अजून ऐकवतात. प्रत्येक खेपेआधी मामा काठी टेकत येत, दांडी हाताने किंचित उचलून बघत आणि मान हलवत. ती मान हलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा बागेतलं एकही झाड कमी झालेलं नव्हतं.

पुढे बहार उतरला तसं मेव्हण्यांनी एसटीने मोसंब्यांचं पोतं पाठवलं. ते मी दारातच काट्याला लावलं. साडेसोळा किलो भरलं.

“माहेरच्या वस्तूचं वजन करतात का कुणी?” ही म्हणाली.

मी पोतं खाली ठेवलं. त्या वेळी मला ती जरा धुरजड वाटली.