अंबरनाथचें देऊळ व एक ताम्रचित्र

बदलापुराहून अंबरनाथ अवघें दोन-अडीच कोस. गेल्या श्रावणांत एका सोमवारीं आम्ही देवदर्शनास निघालों, तोंच नातवानें एक चित्र पुढें केलें. मांतेन्या नांवाच्या इटालियन चित्रकारानें सुमारें साडेपांचशें वर्षांपूर्वीं तें तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलें. द्राक्षरसाचें भलें मोठें कुंड, त्यास टेकून उभा, फळांनीं भरलेलें शृंग हातीं घेतलेला तरुण मद्यदेव बॅकस, आणि भोंवतीं मदानें लोळणारी माणसें!

“आजोबा, आपल्याकडे असा कोणी आहे का?”

वारुणीप्रिय बलरामाचें नांव आम्हीं सांगितलें खरें. पण मन गुंतलें तें त्या टवटवीत रेघांत. खोदलेल्या रेघांत शाई भरावी, पत्रा पुसावा, ओलसर कागद वर ठेवून दाबावा, अशी ती विद्या. एक प्रत नष्ट झाली तरी दुसरी उरते. शिलाहारांनींही तांब्यावर कोरलें. परंतु तीं दानपत्रें. त्यांस शाई कधीं लागली नाहीं.

अंबरनाथच्या काळ्या पाषाणास तर दुसरी प्रतच नाहीं. येथील शिलालेखांत मम्वाणि राजाचें नांव व शके ९८२, म्हणजे सन १०६०, हें वर्ष आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तें ७८२ असें वाचलें होतें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं पहिला अंक ९ ठरविला. एका अंकानें देवळाचें वय दोनशें वर्षांनीं बदललें!

सन १८६८ मध्यें सरकारी आज्ञेनें या देवळाचे नकाशे, चित्रें व सांचे घेण्यांत आले. त्यांचें मोल आम्हांस त्या दिवशीं कळलें. तरुणपणीं बाहेरील भिंतीवरचा जो चेहरा आम्ही सहज ओळखीत असूं, तेथें आतां केवळ उंचवटा उरला आहे. शेजारून वाहणारी वालधुनीही तशीच. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचें सांडपाणी पोटांत घेऊन ती काळी पडली आहे. जिच्या कांठीं पूर्वजांनीं देव बसविला, तिच्या पाण्यानें आज आचमन करवत नाहीं.

पायऱ्या उतरून गाभाऱ्यांतील शिवलिंगाचें दर्शन घेतलें व बाहेर आलों. नातू वही-पेन्सिल घेऊन भिंतीसमोर बसला होता. रेघा वांकड्या होत्या. पण न्यायाधीशासारखें खोडरबर पुढें करणारा आमच्यांतला मास्तर त्या दिवशीं गप्प राहिला. वाचकहो, आपणही मुलांस घेऊन या; मात्र वही विसरूं नका.