हत्तीखान्यात माय

अंबाजोगाईला आमचं जाणं-येणं आजवर दवाखान्यापुरतंच. ग्रामीण भागासाठी निघालेलं आशियातलं पहिलं मेडिकल कॉलेज म्हणून इथल्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाची ओळख. आमच्याकडचा गोरगरीब आजारी पडला की हीच वाट धरतो. योगेश्वरीचं देऊळ, मुकुंदराजांची समाधी यांची नावं मी फक्त ऐकलेली.

यंदा मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सुट्टी मिळाली तेव्हा गाडीला तीन तास अवकाश होता. रिक्षावाला म्हणाला, "मावशीला हत्तीखाना दाखवून आणा की!"

जयंती नदीकाठी खडकात कोरलेलं हे लेणं. आधीच सांगतो, ही शिवलेणी आहेत, बुद्धलेणी नव्हेत. लेणं दिसलं की आपला माणूस बुद्धमूर्ती शोधायला लागतो, म्हणून सांगितलं. अंगणात दगडाचे मोठमोठे हत्ती, पलीकडं खांबांचा लांबरुंद मंडप. आत गारवा होता. काळा चष्मा सावरत माय हत्तीजवळ गेली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"हे कुणी फोडलं, त्याचं नाव लिहिलंय का रं?"

"नाही माय."

"कसं राहील? बहात्तरला आम्ही खडी फोडली, तवा मस्टरवर आंगठाच व्हता."

1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला होती, हे मला माहीत होतं. पण किती दिवस, कुठल्या रस्त्यावर, पोटात काय होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात मी शिकलो. 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला त्याबद्दल चार शब्द बोलतोही. पण तिथं एसटीनं येणारा धपाट्यांचा डबा कोण पहाटे उठून बांधत होतं? त्या डब्यावर मी कुठंच बोललो नाही.

वाचकहो, उपकार हा शब्द आपल्या घरांत कडूच. वाड्यापुढं शिळी भाकर पदरात घ्यायची आणि वर उपकार मानायचे, हे आपल्या आज्यांनी भोगलं. बाबासाहेबांनी मान ताठ करायला शिकवलं. माझ्या डोक्यात मात्र ते जरा उलटंच बसलं. आभार मानणं म्हणजे वाकणं, असं मी धरून चाललो. मंगलसुत्तात संतुष्टी आणि कृतज्ञता शेजारीशेजारी सांगितल्यात. विहारात ते सुत्त मी घडाघडा म्हणतो. लाचारानं मानायचे उपकार वेगळे आणि ही कृतज्ञता वेगळी, हे कळायला मला त्या हत्तीपाशी उभं राहावं लागलं. कारखान्यातल्या पाळीच्या धबडग्यात सवड कुठली, असं आपण म्हणतो. खरं तर सवड होती, रोज संध्याकाळी टीव्हीपुढं होती.

मंडपातल्या खांबाला टेकून आम्ही बसलो. मी म्हणालो, "माय, बहात्तरचं सांग."

"आता काय सांगू? गाडी जाईल."

"जाऊ दे, दुसरी आहे."

"अन् तुझी पाळी?"

"उद्या रातपाळी आहे. तू सांग."

तिनं चष्मा काढून पदरात ठेवला. डॉक्टरनं काढायचा नाही म्हणून बजावलं होतं, म्हणून मी तो पुन्हा तिच्या डोळ्यांवर चढवला. मग ती सांगायला लागली. सुरुवात रस्त्यापासून नाही, तिच्याबरोबर खडी फोडणाऱ्या एका बाईच्या तान्ह्या लेकरापासून.