धाकटी बॅटरी

6 जुलै 2025, रविवार
आषाढी. बेळगावला बहिणीकडे आठ दिवस राहून परतले. पिशव्या खाली ठेवून आधी गाडीकडे गेले, रिमोट दाबला. हूं नाही की चूं नाही. रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून दार उघडलं, तर आत पडदा काळाकुट्ट. जाताना 62 टक्के चार्ज होता, तो काय उंदरांनी प्यायला? चार्जिंगची गन लावली, तरी दिवा लागेना.

जूनमध्ये दोनदा ‘बॅटरी लो’ असं पिवळ्या अक्षरांत आलं होतं, हे आता आठवतंय. टक्के भरपूर दिसत होते, म्हणून ‘ओके’ दाबून मी मोकळी झाले होते. सर्व्हिस सेंटरला फोन केला. “मॅडम, पॅकचा इश्यू असेल. टो करून आणा, चार-पाच दिवस लागतील.” पॅक म्हणजे गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा घास. रात्री भगर घशाखाली उतरेना.

7 जुलै, सोमवार
पहाटे उठून गाडीची पुस्तिका वाचली. आठवी ते दहावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या गाडीत बॅटऱ्या दोन आहेत, हे मी विसरले होते! मोठी गाडीच्या तळाशी, तीनशेच्या वर व्होल्टची. धाकटी बॉनेटखाली, 12 व्होल्टची, साध्या पेट्रोल गाडीत असते तशीच शिशाची. दारांची कुलपं, पडदा, आतले संगणक धाकटीवर चालतात. गाडी बंद केली की सुरक्षेसाठी मोठीची वाट तोडलेली असते. ती पुन्हा जोडणारे दणकट रिलेसुद्धा धाकटीच ओढते. म्हणजे कोठार भरलेलं, पण किल्ली धाकटीच्या कनवटीला. ती झोपली की चार्जिंगही नाही.

शाळेतून निवृत्त होताना मिळालेला मल्टिमीटर लावला. 8.3. भरलेली असती तर 12.6 च्या आसपास हवी.

पहिल्या मजल्यावरचा मुलगा त्याची पेट्रोल गाडी आणि जम्पर केबल घेऊन आला. मोठीच्या नारिंगी वायरींकडे हातही न्यायचा नाही, एवढं त्याला आधीच बजावलं. पडदा उजळला आणि वरातच निघाली: ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, हाय व्होल्टेज सिस्टीम. “काकू, सगळंच गेलं हो!” क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण उपाशी संगणक जागे होताना असंच बरळतात. बंद करून पुन्हा चालू केल्यावर एकेक संदेश विझला. उरला फक्त बॅटरीचा. गाडी ‘रेडी’ असताना मीटर लावला: 14.1. म्हणजे मोठीतून धाकटीला चारा घालणारा कन्व्हर्टर ठणठणीत. तीन तास गाडी तशीच जागी ठेवली. वॉचमन दोनदा सांगून गेला की मॅडम, गाडी बंद पडलीय.

8 जुलै, मंगळवार
सकाळी 11.9. आता प्रश्न सरळ आहे: मडकं फुटकं, की तोटी उघडी? दिवसभर गाडी फिरवून धाकटी भरली आणि रात्री तिची ऋण बाजूची वायर सोडून ठेवली.

9 जुलै, बुधवार
काहीही जोडलेलं नसताना 12.0. मडकं फुटकं. पण म्हणून तोटी बंदच आहे असं होत नाही.

10 जुलै, गुरुवार
गुरुपौर्णिमा. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येत होते आणि बाई बॉनेटमध्ये वाकलेल्या. बॉनेट उघडं ठेवून त्याची कडी पेचकसाने दाबून बसवली, म्हणजे गाडीला वाटावं की झाकण लागलंय. मीटर वायरीच्या मध्ये जोडून अर्धा तास थांबले, कारण गाडी झोपायला वेळ घेते. (पहिल्या खेपेला चुकून रिमोट दाबला आणि मीटरचाच फ्यूज उडवला. विद्यार्थ्याने केलं असतं तर अंगठे धरायला लावले असते.) झोपलेली गाडी 0.34 अँपिअर खात होती! एकेक फ्यूज काढत गेले. दिवाळीत दुकानदाराने बसवून दिलेल्या डॅशकॅमचा फ्यूज निघाला आणि आकडा 0.03 वर आला.

दिवसाला आठ अँपिअर-तास. बॅटरी 35 ची. नवी असती तरी चार-पाच दिवसांत कोरडी. कॅमेऱ्याचं कार्ड पाहिलं: मी 28 जूनला निघाले, तेव्हापासून आमच्या पार्किंगमधलं मांजर, पुन्हा मांजर, आणि 1 जुलैच्या पहाटे चित्रण थांबलेलं. आपल्या घाताची वेळ पठ्ठ्याने स्वतःच नोंदवून ठेवली होती.

12 जुलै, शनिवार
नाना पेठ. बॅटरीवाल्याने लोड टेस्टर लावला, काटा आठच्याही खाली बसला. “ताई, वरवर बारा दाखवते, भार टाकला की बसते. संपलीय.” जुनी परत देऊन नवी घेतली. डॅशकॅमची वायर थेट बॅटरीवरून काढून गाडीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर टाकून घेतली.

एक राग मात्र जात नाही. ज्या पडद्यावर गाण्याच्या गायकाचा फोटो येतो, त्यावर कोणती बॅटरी हे लिहायला जागा नाही? ‘12 व्होल्ट’ एवढं पुरलं असतं.

20 जुलै, रविवार
सर्दी-खोकल्याने घराबाहेर पडले नाही, गाडी पाच दिवस जागची हलली नाही. आज खाली जाऊन मीटर लावला. 12.6.