एका ल ची दोन वळणं

परवा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक काम गळ्यात घातलं. १९९० साली दहावी झालेली ही तुकडी, आता सगळे पन्नाशीचे. त्यांना शाळेच्या आठवणींचं एक पान इंटरनेटवर करायचं आहे. "बाई, तुम्ही फक्त शुद्धलेखन तपासा," म्हणाले. मी हो म्हटलं आणि पान बांधायचं काम माझ्या नातीला लावून दिलं. ती फ्रंट-एंडचं काम करते, म्हणजे वेबसाइटचा जो भाग आपल्याला दिसतो तो बनवते. शनिवारी ती नौपाड्यात आली आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलो.

पहिला मजकूर उघडला आणि माझा लाल पेनाचा हात शिवशिवला. सगळे ल हिंदी वळणाचे! दोन पाकळ्यांचा आपला ल कुठेच नाही. श सुद्धा तसाच. मी म्हटलं, "हे कोणी टाइप केलंय? सगळं चुकलंय."

"आजी, काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "युनिकोडमध्ये ल एकच आहे, मराठीला आणि हिंदीला मिळून. त्याचा क्रमांक एकच. तो कसा काढायचा ते फाँट ठरवतो. हे पान मराठी आहे हे मी त्याला अजून सांगितलंच नाही."

मग तिने पानाच्या अगदी वरच्या ओळीत भाषेची खूण लिहिली. 'लँग' लिहून पुढे 'एमआर' एवढी दोन अक्षरं. हिंदीसाठी तिथेच 'एचआय' लिहितात. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं भरून ठेवलेली असतात, त्यात ही खूण पाहून योग्य ते रूप निवडलं जातं. तिने नोटो सान्स देवनागरी घेतला होता. पान पुन्हा उघडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्या ल ना पाकळ्या फुटल्या. मजकुरातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

मग तिने बाकीच्या युक्त्या दाखवल्या. मराठीतून पान करणाऱ्या माझ्या ब्लॉगर मंडळींच्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

फाइलच्या डोक्यावरच, पहिल्या १०२४ बाइटांच्या आत, 'यूटीएफ-८' ही खूण हवी. नाहीतर मराठीच्या जागी अगम्य चिन्हांची रांगोळी उमटते. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवावं, अक्षराच्या साधारण १.७ पट. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. दाटीवाटीने बसवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नये, शून्यच ठेवावं. इंग्रजीत मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून ते वाढवतात. आपल्याकडे शिरोरेषाच तुटते.

टाइप करतानाची एक गोष्ट. दऱ्या लिहायचं तर नुक्त्याचा ऱ घ्यावा, त्याला हलन्त करावं आणि पुढे य. साधा र घेतला की होतो दर्या. सह्याद्रीच्या दऱ्यांत थेट समुद्र :)

नावांची यादी लावताना मला आणखी गंमत वाटली. संगणकाने क्षीरसागर आडनाव क च्या शेवटी, ख च्या आधी नेऊन बसवलं. त्याच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. आपल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी, ह आणि ळ च्याही नंतर. नातीने 'लोकल कंपेअर' नावाची एक सोय वापरली, तिला पुन्हा तेच 'एमआर' सांगितलं, आणि क्षीरसागर मुकाट्याने शेवटच्या बाकावर गेले.

ती यादी वाचताना एका नावाशी थांबले. हा मुलगा १९८४-८५ साली पाचवीत माझ्याकडे होता. घरचे उत्तर प्रदेशातले. तो ल आणि श हिंदी वळणाने काढायचा. शुद्धलेखनात मी त्याचा प्रत्येक ल लाल पेनाने गोल करून गुण कापत असे. वर्गापुढे वही उंच धरून एकदा म्हणालेही होते, "याला ल म्हणतात का?" त्याच्या तर नावातच ल आहे.

छापखान्याच्या खिळ्यांतही मुंबई वळण आणि कलकत्ता वळण अशी दोन वळणं होती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मराठी शाळेत मराठी वळण शिकवणं हे माझं कामच होतं, त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. शासनाच्या २००९ च्या निर्णयातही पाकळीयुक्त ल च आहे. पण 'आपल्याकडे असा काढतात' हे सांगणं वेगळं आणि 'तुझा चूक' हे सांगणं वेगळं. एवढा फरक मला शिकवायला नातीला 'लँग' लिहावं लागलं.

रविवारी त्याला फोन केला. आधी पानाबद्दल बोललो, मग मी ती वही काढली. तो हसला. "बाई, गुणांचं काही आठवत नाही हो. पण अक्षरं मला आईने शिकवली होती. तुमचे ते लाल गोल बघून ती म्हणाली, मला इथलं येत नाही, आता बाईंकडूनच शीक. त्यानंतर ती माझ्या अभ्यासाला बसली नाही."

मला पुढे बोलवेना. आई आहे का, असं विचारलं. आहे म्हणाला, कळव्याला त्याच्याकडेच असते.

त्याने पानासाठी आईवर चार ओळी पाठवल्या आहेत, त्यातली एक ओळ हिंदीत, तिच्या तोंडची. नातीने तेवढ्या ओळीला वेगळी खूण लावली, 'एचआय'. बाकीच्या पानावर पाकळ्यांचे ल आहेत आणि त्या एका ओळीत त्याच्या आईचे.

मी तपासून पाहिलं. शुद्धलेखनाची चूक एकही नाही.